अर्धवट सुरुवाती

कुमुद आवटींच्या गळ्यातून शेवटचा आवाज कुठल्या दिवशी निघाला, हे त्यांच्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं. त्या दिवशीही त्या नेहमीसारख्याच बोलत होत्या. भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या, समोरच्या गॅलरीतल्या बाईंच्या नव्या पडद्यांबद्दल काहीतरी खवचट बोलल्या आणि बातम्या लावायला सांगितल्या. प्रत्यक्षात बोलत होता तो टेबलाखालचा संगणक. गळा केव्हाच गप्प झाला होता. निशिकांतला हे चार दिवसांनी, डॉक्टरांनी तपासल्यावर कळलं. तेव्हा त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो अभिमान. यंत्र त्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं.

निशिकांत हा कुमुदताईंचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. तो त्यांना अक्का म्हणे. अक्कांनी मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात पस्तीस वर्षं परिचारिका म्हणून काढली, शेवटची काही वर्षं मेट्रन म्हणून. लग्न केलं नाही. निशिकांतने केलं होतं, पण ते टिकलं नाही, आणि मग किल्ला भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ही दोन भावंडं एकमेकांच्या सवयींवर कुरकुरत सुखाने राहू लागली. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी अक्कांची जीभ जड झाली. तपासणीचा कागद डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधी त्यांनीच वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. मोटर न्यूरॉनचा आजार. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते, स्नायू मात्र एकेक करून रजा घेतात.

हे साल दोन हजार चाळीस. वाचा गेलेल्यांसाठी तोवर गळपट्ट्या आल्या होत्या. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूकडून जिभेला, जबड्याला, गळ्याला हुकूम सुटतात. स्नायू ते पाळू शकला नाही तरी हुकमाची बारीक थरथर कातडीखाली उमटते. पट्टीतले संवेदक ती थरथर टिपायचे आणि संगणक तिचे शब्द करायचा. रुग्णालयातून तयार यंत्र मिळत होतं, पण त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत यायचं. अक्कांना ते पटलं नाही. आयुष्यभर लोकांची गुपितं पोटात ठेवली, आता आपलं बोलणं परक्याच्या घरून यायचं, असं त्या म्हणाल्या.

निशिकांतला तेवढंच निमित्त पुरलं. सांगली रस्त्यावर त्याचं बावीस वर्षं दुकान होतं, संगणक जोडून देण्याचं. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायचं, एकेक भाग निवडायचा आणि त्याच्यापुरतं यंत्र उभं करायचं. पुढे लोक नुसता पडदा भाड्याने घेऊ लागले, संगणक घरात ठेवायची गरजच उरली नाही, आणि दुकान बंद झालं. अक्कांसाठी त्याने पुन्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

यंत्राचा जीव होता दोन चिपमध्ये. कारागीर त्यांना ‘मुरीव’ म्हणत, कारण त्यांच्यातलं ज्ञान लोणच्यासारखं मुरत जायचं. साध्या चिपमध्ये माहिती असते ती आकड्यांनी, हो किंवा नाही अशी. तिची हवी तेवढी नक्कल करता येते. मुरीव चिपमध्ये कोट्यवधी बारीक झडपा असतात आणि प्रत्येक झडप कमीजास्त उघडी राहते. माणूस बोलत जाईल तशा त्या हलत जातात. तो कोण, तो कसा बोलतो, हे सारं त्या झडपांच्या किलकिलेपणात साठतं. म्हणून ते यंत्र दूरच्या मदतीशिवाय घरच्या घरी, चुटकीसरशी शिकायचं. आजार पुढे सरकला आणि जिभेची थरथर विझत आली, तसं यंत्र जबड्याच्या थरथरीवरून शब्द ओळखायला शिकलं. जबडा थकला तेव्हा गळ्याच्या मुळाशी उरलं होतं त्यावर भागवू लागलं. अक्का आजाराच्या पायऱ्या उतरत होत्या आणि यंत्र त्यांच्या हाताला धरून उतरत होतं. वरून एकदम उडी मारून त्याला खाली येता आलं नसतं.

आवाजही अक्कांचाच होता, आजाराच्या पहिल्या महिन्यात नोंदवून ठेवलेला. तो किंचित सानुनासिक होता आणि वाक्याच्या शेवटी हुकूम दिल्यासारखा खाली यायचा. वॉर्डातल्या आयांना तो आवाज ऐकून अजून धडकी भरली असती.

रात्री यंत्र बंद करावं लागे, नाहीतर झोपेतलं दात खाणंही ते बोलणं समजून शिकत बसे. सकाळी सात वाजता निशिकांत बटण दाबायचा, अकरा सेकंदं यंत्र आतल्या आत काहीतरी जुळवायचं, आणि अक्का म्हणायच्या, “उठलास एकदाचा.” अडीच वर्षं हे असं सुरळीत चाललं.

डिसेंबरच्या सव्वीस तारखेला बटण दाबल्यावर पंखा फिरला, तीन सेकंद फिरला आणि थांबला. निशिकांतने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला यंत्र सुरू झालं आणि दिवसभर व्यवस्थित चाललं. दुसऱ्या दिवशी सहा खेपा लागल्या.

असल्या यंत्रांशी निशिकांतचा जन्म गेला होता. त्याला चिंता वाटली नाही, उलट हुरूप आला. त्याने एक वही घातली आणि पद्धतशीर कामाला लागला. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबरने घासली, परत बसवल्या, बटण दाबलं. तिसऱ्या खेपेला यंत्र सुरू. वहीत लिहिलं, ‘रॅमचा दोष, दूर केला.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मग मदरबोर्डची नाण्याएवढी बॅटरी बदलली, पाच खेपांनी सुरू. मग सगळ्या वायरी बदलल्या. मग बोर्ड खोक्यातून बाहेर काढून पुठ्ठ्यावर मांडला, खाली कुठे एखादा स्क्रू चिकटून शॉर्ट होतोय का पाहायला. प्रत्येक उपायानंतर थोड्या खेपांनी यंत्र सुरू व्हायचं, प्रत्येक वेळी त्याला वाटायचं हाच दोष होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा तीन सेकंद फिरून थांबायचा. कधीकधी तो दुपारीही मुद्दाम यंत्र बंद करून पाहायचा. दुपारी ते पहिल्या झटक्यात लागायचं. त्यामुळे कोडं आणखी अवघड व्हायचं आणि त्याला आणखी चेव यायचा.

एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, त्याने दोनदा तपासला. मीटरवर बारा व्होल्ट भरले. तो डबा त्याच्या दुकानाच्या शेवटच्या मालातला होता, जुन्या घडणीचा, हातात घेतला की वजन कळावं असा. दुकान बंद करताना त्याने तो विकला नव्हता. असा माल आता बनत नाही, हे त्याने अक्कांना यंत्र बांधतानाच सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी, यंत्र एकदाचं सुरू झाल्यावर अक्का म्हणाल्या, “गार असतं म्हणून होतंय. टेबलावर ऊन आलं की लागतं. मी रोज बघते.”

निशिकांत हसला. “अक्का, कॉम्प्युटरला थंडीच मानवते. तुला थंडी वाजतेय, त्याला नाही.”

पस्तीस वर्षं अक्कांनी डॉक्टरांना पेशंटबद्दल सांगितलं होतं आणि डॉक्टरांचं हसणंही पाहिलं होतं. त्यांनी डोळे खिडकीकडे वळवले.

याच सुमाराला अक्कांचं बोलणं बिघडायला लागलं. आधी ते चटकन लक्षात यायचं नाही. ‘भात’च्या जागी ‘हात’ यायचा, ‘उशी’च्या जागी ‘उशीर’. मग वाक्यं लहान झाली. नवव्या दिवशी त्यांनी एक सबंध वाक्य सांगायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा निराळं काहीतरी बाहेर आलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “नको. पुन्हा नको लावू.” निशिकांतला वाटलं, रोजच्या या खटाटोपाला त्या कंटाळल्या. दोन दिवसांत नक्की सापडेल, असं त्याने आश्वासन दिलं. फोनवर डॉक्टरांना बोलण्यातला बदल सांगितला तेव्हा आजार पुढे सरकला असावा, असं ते म्हणाले. ते खोटंही नव्हतं, कारण आजार पुढे सरकतच होता.

अक्कांना मात्र ते पटलेलं नव्हतं. बुद्धीच चळतेय की काय, या भीतीने त्या रोज सकाळी मनातल्या मनात औषधांची यादी म्हणून बघत. नाव, मात्रा, किती तासांनी, लहान मुलांना किती. यादी दरवेळी बिनचूक यायची. मग तीच यादी त्या यंत्रातून म्हणून बघत आणि काय काय नीट बाहेर येतं ते मोजत. बाराव्या दिवशी त्या निशिकांतला म्हणाल्या, “आज सतरा गेले.” त्याने विचारलं, कोण सतरा? त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. यंत्र म्हणालं, “दवाखाना. दवाखाना.” त्याने त्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला.

शाहीनला फोन करावा असं या दिवसांत त्याच्या एकदा मनात आलं होतं. शाहीन सतारमेकर त्याच्या दुकानात नऊ वर्षं होती, सोल्डरिंग आयर्न त्यानेच तिच्या हातात दिलं होतं. आता ती कोल्हापुरात मुरीव चिपच्या दुरुस्तीचं काम करायची. यंत्र बांधलं तेव्हा ती आपणहून बघायला आली होती. पहिल्या महिन्यात दोन्ही चिप तिच्या प्रयोगशाळेत नेऊन तिने त्यांचा ठसा घेतला होता, म्हणजे झडपांची त्या दिवशीची स्थिती जशीच्या तशी उतरवून ठेवली होती. दर तीन महिन्यांनी असा ठसा घ्यायला या, असं तिने निक्षून सांगितलं होतं. निशिकांत गेला नाही. यंत्र उत्तम चाललं होतं, आणि ठसा घ्यायचा म्हणजे दोन दिवस अक्का मुक्या. आता तिला फोन करायचा तर ते सगळं निघालं असतं. शिवाय ज्या मुलीला आपण शिकवलं तिला विचारायचं, की माझं यंत्र का लागत नाही? त्याने फोन ठेवून दिला आणि बोर्डावरची धूळ ब्रशने झटकली.

एकोणिसाव्या दिवशी भोगी होती. यंत्र नऊ खेपांनी लागलं. दहाच्या सुमाराला निशिकांत वहीत नोंद करत असताना अक्का म्हणाल्या, “झोप.”

रात्री नीट लागली नसेल असं त्याला वाटलं. तो उठला. अक्का पुन्हा म्हणाल्या, “झोप. झोप.” आवाज घाईचा होता, पण यंत्राच्या आवाजातली घाई हल्ली कशीही यायची. त्याने पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली, पडदा ओढला. अक्का डोळे मोठे करून म्हणतच होत्या, झोप, झोप.

“हो अक्का, झोप. मी आहे इथं.” असं म्हणून त्याने त्यांच्या गळ्याची पट्टी सोडली. झोपेत ती काढून ठेवायचीच असे.

वीस मिनिटांनी तो चादर नीट करायला गेला तेव्हा अक्कांचे ओठ निळसर झाले होते.

त्यांना धाप लागली होती. ‘धाप’ म्हणायचं होतं आणि यंत्राला ‘झोप’ एवढंच उरलं होतं. छातीचे स्नायू दुबळे झालेल्या माणसाला उताणं सपाट झोपवलं की श्वास आणखी अडतो, हे अक्कांनी कितीतरी नव्या मुलींना शिकवलं असेल. खालच्या मजल्यावरचे लोक धावले, पलंग वर केला, डॉक्टर आले, तोंडावर मास्क बसला. दुपारपर्यंत ओठांचा रंग परत आला. अक्का निशिकांतकडे बघत होत्या. तो त्यांच्याकडे बघू शकत नव्हता. त्याने स्वयंपाकघरात जाऊन शाहीनला फोन लावला.

ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आली. आठ वाजायचे होते, घर गारठलं होतं. तिने आधी अक्कांच्या जवळ बसून त्यांचा हात हातात घेतला. मग टेबलाखाली वाकली, खोक्याची कड उघडली आणि बटणाला हात लावण्याआधी दोन खटके दाबून दोन्ही मुरीव चिप बाहेर काढल्या, मऊ डबीत ठेवल्या. निशिकांत बघत राहिला. एकोणीस दिवसांत त्याने या यंत्रातला प्रत्येक भाग काढून घातला होता. त्या दोन मात्र, नाजूक म्हणून, जागच्या हलवल्या नव्हत्या.

शाहीनने एसएमपीएसला विजेची लाट दाखवणारं यंत्र जोडलं आणि बटण दाबलं. पंखा तीन सेकंद फिरून थांबला. पडद्यावरच्या सरळ रेषेत एक खड्डा पडला होता, डोळ्याचं पातं लवायच्याही आत बुजलेला. मीटरला तो कधीच दिसला नसता, मीटर सरासरी सांगतो. डब्यातले कपॅसिटर वाळले होते. गार असताना ते पुरेशी वीज धरू शकत नव्हते. चारसहा वेळा बटण दाबलं की ऊब येऊन चालायला लागत. म्हणून प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा वाटायचा.

“सर, हा डबा कुठला?” तिने विचारलं.

“आपल्याच दुकानातला.”

शाहीनने आणलेला नवा डबा बसवला, पंधरा मिनिटांचं काम होतं. यंत्र वीसदा बंद करून वीसदा लावलं. वीसही वेळा ते निमूट सुरू झालं.

निशिकांतला हायसं वाटलं, पण ते घटकाभरच टिकलं. शाहीनने त्याला गॅलरीत नेऊन पुढचं सांगितलं. मुरीव चिपमधली झडप किती उघडी आहे हे बघायचं तर तिच्यातून वीज सोडावी लागते, आणि वीज सोडली की झडप हलते. म्हणून सुरू होताना यंत्र एकेक ओळ वाचतं, क्षणभर लक्षात ठेवतं आणि होती तशी परत लिहितं. सगळ्या ओळी व्हायला अकरा सेकंदं लागतात. ती पूर्ण झाली तर काही बिघडत नाही. मध्येच वीज ढासळली तर त्या क्षणी हातात असलेली ओळ वाचून झालेली असते, लिहायची राहते. ती गेली. एका ओळीने काही कळत नाही, शब्द नुसता पुसट होतो.

“किती वेळा अर्धवट सुरू झालं असेल, सर? अंदाजे?”

अंदाजाची गरज नव्हती. वही होती. वेळेसकट, सुवाच्य अक्षरात. शाहीनने पानं उलटत बेरीज केली. एकशे तीन.

त्याला आठवलं, की चिपच्या खोक्यातल्या कागदावर असं काहीतरी होतं. सुरू होताना खंड पडल्यास स्मृतीवर परिणाम संभवतो, असलं काहीतरी. त्याने ते वाचलं होतं, आणि कंपन्या सगळ्याच खोक्यांत असली वाक्यं घालतात म्हणून कागद ठेवून दिला होता.

पहिल्या महिन्याचा ठसा शाहीनने जपून ठेवला होता. चार दिवसांनी तो दोन कोऱ्या चिपवर उतरवून ती घेऊन आली आणि आशा धरू नका, असं आधीच म्हणाली. अक्कांच्या गळ्याला पट्टी बांधली. यंत्र पूर्ण स्वच्छ होतं, त्यात एकही शब्द पुसट नव्हता. पण ते जिभेची वाट बघत होतं, आणि जीभ दोन वर्षांपूर्वीच गेली होती. अक्का मनातल्या मनात काय म्हणत होत्या कुणास ठाऊक. यंत्रातून पाच मिनिटं एकही शब्द बाहेर आला नाही. मग शाहीनने जुन्या चिप परत बसवल्या. त्यांच्यात भरवशाचे म्हणावेत असे सव्वाशे-दीडशे शब्द उरले होते. यंत्र शिकत राहील, थोडं परतही मिळवेल, पण आजार त्याच्यापेक्षा वेगाने चालतो आहे, असं तिने दोघांच्या समोर सांगितलं. हे झालं नसतं तर किती दिवस चाललं असतं, असं निशिकांतने तिला खाली रिक्षापर्यंत सोडताना विचारलं. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, वर्ष, कदाचित दीड.

शब्द कशामुळे गेले ते अक्कांना अजून माहीत नव्हतं. डबा खराब होता आणि तो बदलला, एवढंच त्यांच्या कानावर होतं. गप्प बसता आलं असतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलंच होतं, त्याच्या आड उभं राहता आलं असतं. दोन दिवस निशिकांत त्या आडोशाला उभा राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवण भरवून झाल्यावर, त्याने पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि वही मांडीवर घेऊन पहिल्या तारखेपासून सगळं सांगितलं. शब्द आजाराने गेले नव्हते, त्याच्या बोटाने गेले होते. प्रत्येक सकाळी. त्या नको म्हणाल्यावरही.

अक्का ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्याचे स्नायू हलत नसत, त्यामुळे राग आला की दुःख झालं ते कळायला मार्ग नव्हता. मग त्या बोलल्या.

“ऐकलं नाहीस.”

त्या दोन शब्दांत एकही अक्षर पुसट नव्हतं. निशिकांतने मान खाली घातली. अक्कांनी पुढे काही म्हणावं, रागवावं, असं त्याला वाटत होतं. एका तासाने त्या म्हणाल्या, “लिही.”

काय लिहायचं हे कळायला दोन दिवस गेले. वॉर्डात चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं, पेशंट पलंगावरून पडला, की अक्का त्या मुलीला ओरडायच्या आधी कागद पुढे करत. काय घडलं, किती वाजता, कोणी काय पाहिलं. असाच कागद त्यांना हवा होता. उरलेल्या शब्दांतून, अडखळत, नसलेल्या शब्दांच्या भोवती वळसे घालत त्यांनी तो पंधरा दिवसांत सांगितला. निशिकांतने सुरुवातीलाच ‘माझ्या अक्षम्य चुकीमुळे’ असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं. “रडू नको. काय झालं ते,” असं त्या म्हणाल्या. एक ओळ मात्र त्यांनी तीनदा वाचून घेतली आणि तशीच ठेवली. ‘पाचव्या दिवशी रुग्णाने दोषाचं कारण सांगितलं होतं. नोंद केली गेली नाही.’ वही पुन्हा चाळली तेव्हा त्याने पाहिलं, खरंच नव्हती. त्या दिवसाच्या पानावर व्होल्ट होते, वेळा होत्या, खोडरबरसुद्धा होता.

कागद शाहीनने आपल्या कंपनीकडे आणि अशी यंत्रं वापरणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवला. उन्हाळ्यात तिने कळवलं, की आता दुरुस्तीला हात घालण्याआधी चिप बाहेर काढणं सक्तीचं झालं आहे, आणि वापरणाऱ्या माणसाचं म्हणणं पहिल्या पानावर लिहायचं आहे. निशिकांतने ते वाचून दाखवलं तेव्हा अक्कांचं उत्तर बोलून दाखवेल असं यंत्र उरलं नव्हतं. गळ्याच्या मुळाशी थरथर होती, पण तिच्यातून शब्द ओळखणारं कुणी राहिलं नव्हतं. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी बटण दाबल्यावर यंत्र पहिल्याच खेपेला, अगदी सुरळीत सुरू झालं आणि दिवसभर गप्प राहिलं.

मग पाटी आली. काचेसारखी आरपार दिसणारी, तिच्यावर स्वर, व्यंजनं, काना-मात्रा ओळीने लिहिलेल्या. निशिकांत ती दोघांच्या चेहऱ्यांच्या मध्ये धरायचा, अक्का अक्षराकडे बघायच्या, तो ते मोठ्याने म्हणायचा आणि बरोबर असेल तर त्या पापणी मिटायच्या. एका वाक्याला दहा मिनिटं लागत. पहिल्याच दिवशी दोन अक्षरांवरून शब्द पुरा करायची घाई त्याने केली, तेव्हा अक्कांनी बराच वेळ खर्चून सांगितलं, ‘अंदाज नको.’ त्यानंतर त्याने तो कधी केला नाही. अक्षर ओठांवर आलं तरी दाबून धरायला तो शिकला. हात भरून यायचे, तरी पाटी हलू द्यायचा नाही.

जूनमधल्या एका दुपारी अक्कांनी डोळ्यांनी पाटी मागितली. त्या दिवशी त्या सकाळपासून त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने पाटी धरली.

“म,” तो म्हणाला. पापणी मिटली.

“काना.” मिटली.

मा. भोगीला पाच महिने होऊन गेले होते. या पाच महिन्यांत त्याने तो शब्द मागितला नव्हता आणि अक्कांनी दिला नव्हता. फ पाटीच्या उजव्या कोपऱ्यात होता. तो काही बोलला नाही. त्याने डोळेही तिकडे जाऊ दिले नाहीत. अक्कांची नजर पाटीवरून सावकाश सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. ती डावीकडे वळली आणि मधल्या ओळीत जाऊन थांबली.

“न,” तो म्हणाला. पापणी मिटली.

“मान.”

पापणी पुन्हा मिटली.

त्याने पाटी बाजूला ठेवली, त्यांच्या मानेखाली हात घालून डोकं अलगद उचललं आणि उशी दोन बोटं वर सरकवली. मान ताठली होती. थोडा वेळ त्याने ती चोळली. बरं वाटतंय का विचारलं, त्यांनी पापणी मिटली. आणखी काही म्हणायचं असेल म्हणून त्याने पाटी परत उचलली आणि अक्कांचे डोळे मिटून त्यांना झोप लागेपर्यंत तशीच धरून ठेवली.